दाजी, टर्बो आणि सासुरवाडीचा चढ

"उतर! उतर म्हन्तो ना! गाडी मागं येऊन राहिली!" दाजी ओरडत होते. त्यांचा एक पाय ब्रेकवर आणि दुसरा दाराबाहेर जमिनीवर, जणू त्या एका पायावरच त्यांनी गाडी तोलून धरली होती. मागून अक्काही तितक्याच जोरात, "उतरू कशी? दाराला दोरी तुमीच बांधली, गाठ तर सुटू द्या!" पुढच्या सीटवर मी गप्प होतो, कारण जावयानं सासुरवाडीत पायी शिरायचं नसतं. हा नियम दाजींनीच काढला होता आणि मला तो फार पटला होता. अक्का उतरली, गाडी हलकी झाली आणि आम्ही दोघे जावई धूर ओकत चढ चढून गेलो. ज्या घरी जायचं त्या घरची लेक मागून पायी.

दाजी म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, नवरे. देवानं घडवलेली किंवा कारखान्यातून आलेली कोणतीही वस्तू अर्धवटच असते, असं मानणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच आहे. तो आखाडा बाळापुरात राहतो आणि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. त्यांनी घरच्या कूलरला मळणी यंत्राचा पंखा बसवला, तेव्हा पहिल्याच दुपारी खाटेवरची चादर शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडली. मिक्सरला विहिरीवरची मोटार जोडली, तर शेंगदाण्याची चटणी छताला लागली. आजही त्या घरात पाहुणा जेवायला बसला की आधी वर बघतो. दारावरच्या घंटीच्या जागी ट्रकचा हॉर्न आहे, आणि पोस्टमन एकदाच तो वाजवून गेला. तेव्हापासून तो दाजींची पत्रं समोरच्या हॉटेलात ठेवतो. त्या घरात मूळ स्थितीत राहिलेली एकच गोष्ट म्हणजे अक्का. तिला बसेल असा पाना दाजींना तीस वर्षांत सापडला नाही.

त्या चढापुढं गाडी मात्र हरली होती. तीन सिलिंडरची, डबीएवढी, आमच्या सगळ्यांच्या आधी म्हातारी झालेली. माझी बायको तिच्यात बसत नाही. ती आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीप धरते आणि आमच्या आधी माहेरी पोचून चहा पीत बसते. मागच्या दिवाळीच्या त्या खेपेला अक्काला चढ चढून यायला चांगला अर्धा तास लागला. वर येऊन ती एवढंच म्हणाली, "गुडघे धरले." एरवी सासूबाईंच्या चुलीचं धुराडं कसं चुकलंय हे सांगितल्याशिवाय दाजींना घास उतरत नाही, पण त्या दिवशी ते मुकाट्यानं जेवले. परतीच्या वाटेवर हळूच म्हणाले, "पावणं, आपून गाडीत अन् ती पायी. बराबर न्हाई हे. पंचमीला तिला उतरू देनार न्हाई."

आणि त्यांनी हिंगोलीच्या भंगारातून टर्बो आणला. पुलावरून पडून चेपलेल्या एका पिकअपचा. मी विचारलं, "दाजी, हे करतं काय?" तर अक्काच्या चुलीकडं बोट दाखवून म्हणाले, "फुकणी. गाडीचा वाया चाललेला धूरच ह्यातलं चक्र फिरवतो अन् चक्र इंजिनात हवा कोंबतं. चुलीला फुकणी, तसा गाडीला टर्बो." पण एवढ्याशा गाडीला पिकअपचा टर्बो म्हणजे मांजराला उंटाचं फुप्फुस. बॉनेट लागेना, तर त्याला भोक पाडलं आणि वरून अक्काचं पातेलं उपडं घालून रिबिटं मारली. तेलाची नळी फवारणीच्या पंपाची. गाडी सुरू झाली तेव्हा अशी शिट्टी निघाली की तीन गावच्या म्हशींनी पान्हा चोरला. ॲक्सिलेटर दाबला की आधी काहीच होत नसे. माणूस निराश होऊन तंबाखू मळायला घेई, आणि तेवढ्यात गाडी त्याला घेऊन पुढच्या गावात पोचलेली असे.

नागपंचमीला दाजी नवा शर्ट घालून बसले. चढ दिसायच्या आधीच त्यांनी पाय दाबून ठेवला. शिट्टी झाली आणि गाडी चढावरून अशी गेली, की चढानंच मागं वळून बघितलं असेल. अर्ध्या वाटेत अक्का मागून काहीतरी ओरडली. दाजींना वाटलं, आनंदानं. मला आरशात बांधावर उभी राहिलेली एक बाई दिसली. एका हातात डबा, दुसरा हात वर केलेला. आम्ही वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच वर होता.

दारात गाडी उभी करून दाजी म्हणाले, "बघ. लागलं का उतरायला?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "शेवंता उभी होती."

शेवंता चढाजवळच्या तांड्यावरची. लहानपणी दोघींनी त्याच उतारावर शेळ्या राखल्या होत्या, आणि आता शेवंताचं शेत तिथंच अर्ध्या चढावर आहे. खाली दाजींची गाडी खोकायला लागली की ती हातचं काम टाकून बांधावर यायची. अक्काचा तो अर्धा तास तिथं, एका दगडावर जायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की भावजया, पोळ्या, आलेगेले. माहेरवाशिणीला माहेरात सवड कुठली?

"अन् गुडघे?" दाजींनी विचारलं.

"गुडघ्यांना काय धाड भरली? गप्पा मारत बसले म्हन्लं आसतं, तर तुमी घड्याळ दावलं आसतं."

दाजी ओसरीवर टेकले. समोर गाडी होती, गाडीवर पातेलं होतं. तीन महिने खपून हा माणूस बायकोचं दुःख काढायला गेला आणि हाताला लागलं ते तिचं सुख. अशा वेळी माणसानं कोणता नट सैल करावा, हे त्यांनाही सुचत नसावं.

ह्या दिवाळीला आम्ही पुन्हा निघालो. वाटभर टर्बो झकास शिट्टी घालत होता. चढाच्या पायथ्याशी गाडी गचकन थांबली.

"उतर! उतर म्हन्तो ना! गाडी मागं येऊन राहिली!"

गाडी जागची हलली नव्हती. अक्कानं दाराच्या दोरीला हात घातला, तर तिला या वेळी सरकगाठ होती. एका ओढीत सुटली. मग दाजींनी पहिल्या गियरमध्ये, शिट्टीचा एक सूरही निघू न देता, गाडी वर आणली आणि लिंबाखाली बंद केली. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. खालून, बांधाच्या बाजूनं, दोन बायकांचं हसणं वर येत होतं.

मी विचारलं, "दाजी, टर्बो बिघडला काय?"

"न्हाई."

"मग अक्काला काहून उतरवलं?"

दाजींनी एकदा रस्त्याकडं बघितलं.

"चढ हाय ना," ते म्हणाले.