बांगड्यांखालची जागा

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी मला शिकवत होती, "आजी, झोप येत नसेल तर मनगट दाबायचं असतं." मला माहीत आहे. त्या मनगटापायी धुळ्याच्या घरात मी जे ऐकून घेतलं ते आठवलं, की आजही माझा पारा चढतो आणि तो उतरवायची मला घाई नाही. तेव्हा क्रमाने सांगते.

सत्तरचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. मी जळगावला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमची आई तान्ही होती. बाळंतपणानंतर माझी झोप गेली. मुलगी शांत झोपली की मला वाटे, हिचा श्वास थांबला. छाती धडधडे, तळवे घामेजत, आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बसून राही. डॉक्टरांनी मान वर न करता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. "बायकांना होतं असं," म्हणाले. पुढचा पेशंट.

गोळीने डोळा लागे, पण त्या झोपेत मी कुठे नसेच. एका रविवारी दुपारी जाग आली तेव्हा शेजारच्या दुकानदारीणबाई माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत होत्या. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. भिंतीपलीकडे त्यांना ऐकू गेलं. मी हाताच्या अंतरावर होते, मला गेलं नाही. मला झोप हवी होती, पण मुलीच्या रडण्याने मोडेल अशी. एवढंच मागणं होतं माझं.

शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला दाबाच्या जागा दाखवल्या. त्या पुण्याला कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. तळहात वर करायचा, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली कोपराकडे यायचं, दोन ताठ शिरांच्या मध्ये अंगठा ठेवून सावकाश दाबायचं. दुसरी जागा दोन भुवयांच्या मध्ये. डोळे मिटून, श्वास लांबवत. मी रोज शाळेतून आल्यावर करू लागले. त्याने नेमकं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित दिवसातून थोडा वेळ कुणी मला हाक मारत नव्हतं, त्याचाच तो गुण असेल. पण धडधड कमी झाली. डॉक्टरांना सांगून गोळी अर्धी केली, मग सोडली. ते हसले. हसू दे.

आता गंमत पाहा. एक जागा बांगड्यांखाली, दुसरी कुंकवाखाली. जळगावात मी बांगड्या सैलच भरल्या होत्या, वर सरकवल्या की काम होई. उन्हाळ्याच्या सुटीत पुतणीच्या लग्नासाठी मी मुलीला घेऊन धुळ्याला सासरी गेले, तर पोचल्या दिवशीच सासूबाईंनी कासारीण बोलावली आणि माझे दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी घट्ट भरून घेतले. इतके घट्ट की मधे काडीसुद्धा शिरली नसती. तुमचे आजोबा शेतकी खात्यात होते, ते कामासाठी फैजपूरला राहिले होते.

लग्नघराच्या गडबडीत माझी धडधड परत सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी पिशवीच्या तळाशी राहिलेल्या गोळ्यांकडे माझा हात गेला. मी तो मागे घेतला, साबण लावून सगळ्या बांगड्या एकेक करून काढल्या, ओळीने रुमालावर मांडल्या आणि मधल्या खोलीत डोळे मिटून बसले. अंगठा मनगटावर. भुवयांमधलं आधीच दाबून झालं होतं, त्यात कुंकू फिसकटलं होतं.

शेजारीण चाळण मागायला आली. तिने दारातून पाहिलं आणि चाळण न घेताच निघून गेली.

ही बाई सभ्य. लग्नघरातल्या सुनेने बांगड्या काढल्या, असं अभद्र तिच्या तोंडून कसं निघावं? आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. तिने गल्लीत सांगितलं, "सुनेने बांगड्या वाढवल्या. कुंकूही पुसलंय. भिंतीला टेकून बसलीय, डोळे मिटून." नवरा गावाला गेलेला. ऐकणाऱ्यांना आणखी काय हवं?

दुपारचा चहा व्हायच्या आत मोठ्या नणंदबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो, पलीकडच्या पेठेतून पदर सावरत आल्या आणि उंबऱ्यातच गळा काढला, "मना भाऊ वं, मना भाऊ!" मागे दहाएक बायका. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मुलगा गेल्याचं सगळ्या गल्लीला कळलं आणि आपल्यालाच नाही, असं त्यांना वाटलं असणार. त्या होत्या तिथेच खाली बसल्या. "काय व्हयनं तेले?" एवढंच म्हणाल्या. त्या क्षणाचं मला वाईट वाटतं. पुढच्याचं नाही.

मी बाहेर येऊन म्हटलं, "कुणाला काही झालेलं नाही. मी झोपेसाठी मनगट दाबत होते."

रडणं थांबलं आणि सगळा मोर्चा माझ्याकडे वळला.

"मी आपलं शुभच बोलले," शेजारीण म्हणाली. "काढल्या म्हणू का? तोंडाला शोभतं का ते?"

"दादला जित्ता शे अन् हात भुंडा?" सासूबाई उठल्या. "कसाले वं? बठ्ठा गावले तमाशा दखाडाले?"

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "इंग्रजी शिकेल शे ना ती. तिले रडू बी येत नही, झोप बी येत नही."

सासरे, म्हणजे आबा, कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चौकशी केली, ही विद्या कुठली. मी खरं ते सांगितलं, मूळ चीनची म्हणतात. "अस्सं," आबा म्हणाले. "बासष्ट साली सरहद्दीवर आले होते, आता आमच्या सुनेच्या मनगटापर्यंत पोचले."

बायका हसल्या. त्या हसत असताना अक्कांनी माझा हात धरून बांगड्या परत कोंबल्या. एक फुटली, म्हणजे वाढली, आणि मनगटाला काच लागून रक्त आलं. तुला झोप का येत नाही, हे त्या गर्दीतल्या एकीनेही विचारलं नाही. गोळ्या खाऊन मी निपचित पडले असते तर घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत काचेच्या रिकाम्या जागेला होती.

दुसऱ्या दिवशी तुमचे आजोबा आले. त्यांना बसस्टँडवरच दोघा-तिघांनी मिठी मारली, कशाबद्दल ते त्यांना कळेना. घरी सगळं ऐकून मला म्हणाले, "राहू देत ना हातात. आईला बरं वाटेल. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"राहू देते. आणि गोळी घेते. मग मुलगी रडली की तुम्ही उठा."

"मी?"

त्या 'मी?'वर मी आजही रागावू शकते. चांगला माणूस, पण तो प्रश्न त्याने खरोखर विचारला. मी परत साबण लावला, बांगड्या काढल्या आणि ओसरीवर सगळ्यांदेखत त्यांच्या हातात दिल्या. "धरा. कुणी विचारलं तर सांगा, मी जिवंत आहे."

आबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर घेतलं. मी आत जाऊन बसले, तीन बोटं मोजली, अंगठा ठेवला. अक्का बाहेर माझ्या शाळेवर, माझ्या माहेरावर काहीबाही बोलत होत्या, ते ऐकता ऐकता मी मुलीच्या शेजारी आडवी झाले.

तिने नुसतं कुरकुरून पाय हलवला आणि मला जाग आली. रडायलाही लागली नव्हती अजून.

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझ्या हातांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "तू निजनी ना? मंग आते चहा मांड."

मी आधी मुलीला पाजलं. मग चहा मांडला, भुंड्या हातांनीच.