रोलमधला आठवा फोटो

निहार, इरा,

हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. त्यांना मी बाजारात कोण भेटलं, कोण काय बोललं, सगळं सांगायची — पण हे नाही. तुमच्या आईलाही नाही. ज्या दोन माणसांना सांगायला हवं होतं, ती दोघंही आता नाहीत. त्यातलं दुसरं माणूस गेल्या भाद्रपदात गेलं. म्हणजे गेल्या भाद्रपदापर्यंत मला वेळ होता.

परवा इराने फोनवर चंद्राचा फोटो पाठवला. इतकी बारीक कोर, की मला चष्मा पुसून पाहावी लागली. खाली विचारलं होतंस — आजी, तू कधी असा फोटो काढायचा प्रयत्न केला होतास का? मी लिहिलं, "एकदा केला होता. आला नाही." दोन वाक्यं, दोन्ही खरी. आणि तरी ते खोटंच होतं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

तर लिहिते. सरळ लिहायचं ठरवलंय. पण बघा, सुरुवात मी कॅमेऱ्यापासूनच करणार. तेही टाळणंच असेल का?

कॅमेरा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. दादा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. एकदा निघाला की दोन-दोन वर्षं घरी येत नसे. आमचं गाव मिठबाव. तिथून देवगडच्या बंदरावर जायचं, मुंबईची बोट धरायची आणि मग तिथून जग. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराची गोष्ट. शिमग्यानंतर तो निघाला तेव्हा त्याची बायको, माझी वहिनी, चार महिन्यांची गरोदर होती. कुठल्याशा परदेशी बंदरात घेतलेला काळा चौकोनी कॅमेरा तो माझ्या हातात देऊन गेला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी तेव्हा अठरा वर्षांची, रत्नागिरीला कॉलेजात. आपल्याला फार कळतं असं वाटण्याचं ते वय.

श्रावणात मुलगी झाली. कुसुम. दादाचं मला पत्र आलं : दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा कुसुमचा आणि तुझ्या वहिनीचा एक फोटो काढ. एकच पुरे. ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवीन, म्हणजे उघडली की दिसेल.

एका रोलमध्ये आठ फोटो निघत. तेव्हा रोल मिळणं सोपं नव्हतं, आमच्या बाजूला तर नाहीच. मी रत्नागिरीहून एक घेऊन आले. सात फोटो काढले — आई-बाबा, देऊळ, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, असं काय काय. प्रत्येकाची नोंद एका वहीत : क्रमांक, जागा, वेळ, ऊन कसं होतं. आठवा कुसुमसाठी ठेवला होता. वहिनीच्या माहेरून बाळाला झबलं-टोपडं यायचं होतं, ते आलं की काढू असं ठरलं होतं.

त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली. वहिनीचा भाऊ सकाळीच झबलं घेऊन आला, वहिनीने त्याला ओवाळलं, तो जेवून परत गेला. पाडव्याला ओवाळायचा नवरा मात्र तिकडे समुद्रावर. आणि माझा भाऊही तोच. भाऊ जवळ नसला की आपल्याकडे बहीण संध्याकाळी चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलं असेल. चंद्र म्हणजे भाऊच. तर मला त्या संध्याकाळी दादाच्या नावाने चंद्राला ओवाळायचं होतं.

दोन्ही तिथ्या जोडून आल्यामुळे चंद्र अगदी कोवळा होता. सूर्य बुडाल्यावर किनाऱ्याच्या बाजूला कितीतरी वेळ काहीच दिसेना. मग एकदम दिसला — पांढरी रेघ, तीही मध्येच तुटल्यासारखी. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं, की इतका कोवळा चंद्र साध्या कॅमेऱ्यात धरणं जवळजवळ अशक्य. ते "जवळजवळ" माझ्या डोक्यात बसलं होतं. वर्गातल्या मुलांना दाखवीन — मिठबावच्या मुलीने काढलाय.

मी कॅमेरा कुंपणाच्या गडग्यावर ठेवला, चिऱ्याच्या दगडावर, खाली काटक्या सारून वर उचलला. आई मागे तबक घेऊन उभी. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं.

"ओवाळून घे गो आधी! चंद्र काय तुझ्यासाठी थांबतलो? त्या डब्यात काय बघतंस?"

मी म्हटलं, एक मिनिट. खटका दाबून धरला आणि श्वास रोखून पंधरापर्यंत मोजलं.

तेव्हा मला आठवण नव्हती का, की हा आठवा फोटो? होती. पुरती होती. मी मनाशी म्हटलं, हा चंद्र म्हणजे दादाच, हाच फोटो दादाला पाठवू, त्याला केवढं कौतुक वाटेल. एवढ्या घाईत माणसाला किती छान कारण सुचतं ना? मग मी ओवाळलं. चंद्र तोवर माडांच्या आड गेला होता. मी माडांनाच ओवाळलं.

पण इथे थांबले असते तर हे पत्र लिहायची गरज पडली नसती. रोल संपला, चूक झाली, पुढच्या वेळी काढू — एवढंच म्हणायचं होतं. आई ओरडली असती. वहिनी तर काही बोललीही नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर वहिनी तयार होती. लग्नातलं हिरवं लुगडं, केसात अबोली. कुसुमच्या अंगात नवं झबलं, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. पोर झोपलेली. वहिनी उन्हाकडे तोंड करून उभी राहिली, कारण आदल्या दिवशी मीच तिला तसं सांगितलं होतं. आई ओट्यावरून बघत होती. आणि मी — मी खोलीतून कॅमेरा आणला, डोळा लावला, खटका दाबला. रिकाम्या कॅमेऱ्याचा.

तो आवाज अगदी तसाच येतो. काही फरक नसतो.

वहिनी पुतळ्यासारखी उभी होती. बऱ्याच वेळाने ओठ न हलवता म्हणाली, "वन्सं, आता श्वास घेव काय?"

मी म्हटलं, हो, झाला. मग खोलीत जाऊन वही उघडली. आदल्या संध्याकाळी आठव्या क्रमांकापुढची जागा मी कोरी ठेवली होती. तिथे लिहिलं : वहिनी व कुसुम, अंगण, सकाळ, ऊन चांगलं.

सुट्टी संपल्यावर रोल रत्नागिरीच्या एका स्टुडिओत दिला. चंद्राचं काय झालं ते ऐका. माडांच्या काळ्या शेंड्यांवर नुसतं रिकामं आकाश. स्टुडिओवाला भला माणूस, म्हणाला, "या एका फोटोत बारीक पांढरा डाग आला होता ताई, मी शाईने बुजवलाय. त्याचे पैसे नाही लावले." मी तो फोटो तिथेच फाडला. सात फोटो घरी पाठवले आणि सोबत लिहिलं — आठवा आला नाही, वहिनी हलल्या. दादालाही तेच लिहिलं. अक्षर नेहमीसारखं नीटनेटकं होतं.

हे का लिहिलं? रोल खराब निघाला, उजेड कमी पडला, काहीही लिहिता आलं असतं. पण त्यात कॅमेऱ्याचा किंवा माझा दोष दिसला असता. वहिनीचा दिसला तर कोण काय म्हणणार होतं?

आई म्हणाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना माझ्यासमोरच म्हणाली, "घोवान एक फोटो सांगल्यान, तर तेवढो येळ सुद्धा गप रवाक नाय हिका!" वहिनी भाकरी थापत होती. थापतच राहिली.

आणि तोवर कुसुम नव्हती. माघात डांग्या खोकला झाला. देवगडला डॉक्टरांकडे नेलं होतं. सहा महिन्यांची होती.

दादा त्यानंतर वर्षाने आला. मी परीक्षा देऊन नुकतीच घरी पोचले होते. दुपारी आम्ही तिघं ओट्यावर — दादा, वहिनी, मी तांदूळ निवडत. दादाने त्या दिवसापर्यंत मुलीचं नावही काढलं नव्हतं, असं आई सांगत होती. बसल्या बसल्या त्याने एकदम वहिनीला विचारलं, "नाक कोणाचां होतां गो? तुझां काय माझां?"

वहिनीला सांगता येईना. म्हणाली, तुमच्यासारखं. मग म्हणाली, नाही, वर जरा वेगळं. बोटाने हवेत दाखवू लागली आणि तिचं बोट मध्येच थांबलं. सहा महिन्यांच्या पोरीचं नाक कसं सांगायचं? मग ती रडायला लागली. "मीच हललंय. नायतर चेडू तुमका बघूक गावलां असतां."

दादा म्हणाला, "आगो, मूल हातात आसताना हात हलतलोच. तू कित्याक रडतंस?"

त्याने तिला माफ केलं. माझ्यासमोर, माझ्या अपराधाची माफी त्याने तिला दिली आणि तिने ती घेतली. माझ्या मांडीवर सूप होतं. मी एवढंच म्हणायचं होतं — दादा, ती हलली नव्हती. ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "कॅमेरा तसा फार नाजूक असतो. जरासं हललं तरी फोटो जातो." इंग्रजी पुस्तक वाचलेल्या माणसाच्या आवाजात. वहिनीने मान हलवली. तिला ते पटलं.

रोल वाया घालवला, रिकामा खटका दाबला, पत्रात खोटं लिहिलं — हे सगळं एका पोरवयाच्या मुलीने केलं असं म्हणून कदाचित सोडून देता येईल. ते वाक्य मात्र वीस वर्षांच्या शहाण्या बाईचं होतं. समोर काय चाललंय ते तिला पूर्ण कळत होतं.

पुढे वहिनीला दोन मुलगे झाले. ते तुमच्या आईचे मामेभाऊ, तुमचे मामा. त्यांच्या लहानपणीच्या एकाही फोटोत त्यांची आई नाही. मुलाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि बाजूला व्हायची. माणसं म्हणायची, लाजते. मीही म्हणायची.

त्रेसष्ट साली माझं लग्न झालं, कुडाळला. मंडपाबाहेर फोटोवाल्याने सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. मी वहिनीचा हात धरून तिला माझ्या शेजारी ओढलं — धाकटा तिच्या कडेवर होता. तिने हात सोडवून घेतला. हसत हसत म्हणाली, "माका नको गो. मी हलतंय. तुमचो फोटो बिघडतलो." आणि खांबापलीकडे जाऊन उभी राहिली, पोराला घेऊन, आमच्याकडे बघत.

फोटोवाला तीनपर्यंत मोजतो. तेवढा वेळ मला पुन्हा मिळाला होता. मी पदर सारखा केला, हनुवटी जरा वर धरली आणि स्थिर उभी राहिले. तो फोटो तुमच्या घरी जिन्याजवळ लावलाय. अगदी स्वच्छ आलाय.

— आजी