निळं की पिवळं?

आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ आहेत. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे क्षारपणा, खालीवर झाला की त्यांची टोकं पांढरी पडतात, म्हणून तो सारखा मोजावा लागतो. नळीत पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे; पाणी आधी निळं होतं, त्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितका आकडा. सोपंच की! पण सकाळी मी मोजते, संध्याकाळी बाबा, आणि दोघांचे आकडे कधी जुळतील तर शपथ. क्षार घालावा तरी कुणाच्या भरवशावर?

काल नळी खिडकीशी धरून मी म्हटलं, "झालं पिवळं."

"छे! निळंच आहे अजून," बाबा म्हणाले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच निळसर दिसतं.

मी वैतागले. एका घरात, एका ताटात जेवणारी आम्ही माणसं, आणि साधं पिवळं कुठे सुरू होतं हे ठरवता येऊ नये? उन्हात बघितलं तर वेगळं, दिव्याखाली आणखी वेगळं.

"यापुढे तुम्हीच बघा," मी नळी त्यांच्या हातात ठेवली. "चुकलं तरी रोज सारखंच चुकेल."

आज सकाळी बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली, "अगं, जरा येतेस? हे पिवळं झालं का गं?"