पुतळीच्या पाठीवरच्या चुण्या

आमच्या गडमुडशिंगीत ब्लाऊजची फॅशन कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या काचेतून यायची, आणि ती घेऊन यायचो आम्ही दोघी, आई आणि मी. तुळशीचं लग्न झालं, गावात सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की एका दुपारी आई शिलाई मशीन झाकून ठेवायची, चपला पायात सरकवायची आणि म्हणायची, "चल, यंदा काय चाललंय बघून येऊ."

माझ्या ऑफिसातल्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. त्यांना सगळं मोबाईलवर मिळतं. चित्र आवडलं की तिथूनच शिवणारीला पाठवायचं. सोय आहे, नाही कशाला म्हणू? मीही तेच करते. पण फॅशन बघायला म्हणून वेणीफणी करून निघायचं, सिटी बसमध्ये खिडकी पकडायची आणि परत येताना एकच गळा दोघींनी दोन तऱ्हेनं आठवून भांडायचं, ते त्यात नाही.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पुढं पदवी घेतलेलीही पहिलीच. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. कॉलेजातल्या मुली काय घालतात ते मी घरी येऊन सांगायची, पण लग्नाच्या ब्लाऊजसाठी आईला काचेतल्या पुतळ्याच बघायच्या असायच्या.

अडचण एकच होती. पुतळ्या उभ्या रस्त्याकडं तोंड करून, आणि आईला हवी असायची पाठ. "समोरनं काय, पदर असतोय. बाई वळून गेली की माणसं काय बघत्यात? पाठच न्हवं?" आत जाऊन बघावं, तर घ्यायचं नसताना माणसाला कापडं उलगडायला लावणं तिला पटायचं नाही. मग आम्ही कोपऱ्यावरच्या बाजूच्या काचेला नाक लावायचो. तिथून पुतळीची एक कूस आणि पाठीची कड दिसायची. उरलेलं आई मनानं पुरं करायची.

त्या वर्षी दुकानातला माणूस बाहेर आला. "पावणं, आत या की. बाहीरनं काय बघताय?"

"बसची वाट बघतोय," आई म्हणाली.

"हितं बस थांबत न्हाय."

"मग चालत जाऊ की."

पण चालू लागायच्या आधी तिनं बघायचं ते बघितलं होतं. हिरव्या ब्लाऊजच्या कुशीतून तीन चुण्या निघून पाठीकडं गेल्या होत्या. अशी पाठ आम्ही कधीच बघितली नव्हती. बसमध्ये तिनं माझ्या तळहातावर बोटानं त्या चुण्या काढून दाखवल्या. घरी आल्यावर रद्दीचा पेपर कापला, दुमडला, माझ्या पाठीला लावून बघितला. शेवटी तिनं ठरवलं, चुण्या पाठीच्या मधोमध, वर गळ्याशी आणि खाली पट्टीत धरलेल्या, मध्ये सुट्या.

आणि नेमकं त्याच हंगामात शेजारच्या मळेकरी घरातल्या मुलीचं लग्न ठरलं. तोवर गावातल्या नवरीचा ब्लाऊज शिवायला कोल्हापुरात जायचा. आईकडं यायचं ते फॉल-पिको, परकर, म्हाताऱ्यांच्या चोळ्या. यावेळी नवरीची आई म्हणाली, "काकी, शालूवरचा तुम्हीच शिवा." एक नवरी नटवली की पुढच्या नवऱ्या आपोआप येतात, आणि एक बिघडवली की परकरसुद्धा येत नाहीत. हे आईला माहीत होतं. तिनं नव्या पाठीचा ब्लाऊज शिवला.

लग्न उचगावच्या कार्यालयात होतं. सुई-दोरा घेऊन आई नवरीच्या खोलीत, मी तिच्या मागं. तेवढ्यात राजारामपुरीत राहणारी नवरीची आत्या आली. तिनं नवरीला वळवून पाठीवर बोट ठेवलं.

"ह्ये काय गं? आमच्या घराखाली कापडाचं दुकान हाय. पुतळीला ब्लाऊज ढगळा झाला की पोरं मागनं चिमटं लावत्यात, म्हंजे समोरनं मापात दिसतोय. आशाच चुण्या पडत्यात त्याच्या! पुतळीचं बघून शिवलं व्हय कुणी?"

खोलीभर हसू फुटलं. माझे कान तापले. आई म्हणाली, "व्हय. मीच शिवलंय. पुतळीचंच बघून."

नवरीची आई हसली नाही. "काकी, पोरीचं लगीन हाय ओ," एवढंच म्हणाली. दुसरा ब्लाऊज नव्हता आणि भटजी बाहेरून हाका मारत होते.

अक्षता पडल्या तरी आई खांबाशेजारी उभीच. स्टेजवर हार घालायची वेळ आली तसं नवऱ्याच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. "उचला रं! आजून वर!" खाली नवरी हार धरून. एरवी आमच्याकडच्या नवऱ्या अशा वेळी कोपरं कुशीला चिकटवून नुसत्या हसत उभ्या राहायच्या. अंगाबरोबरच्या ब्लाऊजात हात वर जातोय कुठं? गेला तर काखेत फाटतं. आईनं माझं मनगट गच्च धरलं.

नवरी चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात सरळ वर नेले. पाठीवरच्या चुण्या उघडल्या, पार सपाट झाल्या. हार गळ्यात पडला. हात खाली आले तशा चुण्या पुन्हा जागच्या जागी.

नवरी स्टेजवरूनच ओरडली, "आत्या, बघितलीस काय? एक टाका न्हाय गेला!"

आत्या गप्प बसणारी नव्हती. "बरं बाई, चिमटं तर चिमटं! कामाचं हाईत!"

जेवणाच्या पंगतीत आईला तिघी-चौघींनी हाक मारून विचारलं, आमचा शिवाल काय म्हणून. आई हो-हो म्हणत होती, पण वाढलेली जिलेबी तशीच. घरी येताना मी म्हटलं, "आपण चुकीचंच बघितलं की गं." ती म्हणाली, "चुकीचं बघितलं, पर शिवलं बरूबर."

सकाळी चहा व्हायच्या आत नवरीची चुलतबहीण ब्लाऊजपीस घेऊन दारात. तिचंही लग्न ठरलं होतं, माघात.

"काकी, मला पण त्योच, चिमट्याचा."

आईनं टेप गळ्यात टाकला. आजवर ती हात खाली सोडायला लावून मापं घ्यायची.

"हात वर कर."

"वर? कशाला?"

"कर तर. आजून वर. तुज्या नवऱ्याला उचलल्यात आसं समज."