घट्ट लावलेलं झाकण

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही माझी मान खाली जाते. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत कचरा वेगळा करताना कचरा नेणाऱ्या बाईंच्या हातात एक बाटली फुटली. रुग्णालयातून चौकीला खबर आली. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि दृष्टी वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. बाटली कुणाच्या पिशवीतली, हे बाईंना माहीत नव्हतं.

पंचनामा करताना सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "साहेब, इथं सगळी सुशिक्षित माणसं राहतात. तो वरचा फ्लॅट सोडून."

वरच्या फ्लॅटमध्ये विदर्भातून शिकायला आलेली तीन मुलं भाड्यानं राहत होती. मला तेवढं पुरलं. तिघांना चौकीत आणून बाकावर बसवलं आणि आवाज चढवला. बाटलीला टॉयलेटच्या अ‍ॅसिडचा वास होता, म्हणून तेच विचारत राहिलो. शेवटी एक जण म्हणाला, "सर, आम्ही बाथरूम धुतलंच नाही ना जी, अ‍ॅसिड कुठून आणू?" हवालदार हसला. मला उद्धटपणा वाटला. दुसऱ्याचा त्या दुपारी पेपर होता. "आधी खरं बोल, मग पेपर," असं मी त्याला सुनावलं.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा जबाब घ्यायला गेलो. त्या निवृत्त शिक्षिका. स्फोटाचा आवाज ऐकून त्याच धावत खाली गेल्या होत्या आणि बाईंच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरून बसल्या होत्या. त्या पाण्यानंच काही आशा उरली, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कसली माणसं असतात हो," काकू चहा ठेवत म्हणाल्या. "तिच्या जिवाचा विचार नको? आता मी बघा. अ‍ॅसिड तळाशी उरलं होतं, ब्लीचही थोडं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून एका बाटलीत केलं. पण वास इतका उग्र सुटला की ठेवायला नको वाटलं. टाकून दिलं. तिला त्रास नको म्हणून झाकण अगदी घट्ट…"

मी लिहायचा थांबलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडलं.

ती दोन्ही एकत्र झाली की विषारी वायू होतो आणि बंद बाटली फुटते, हे प्रयोगशाळेनं नंतर कळवलं. 'दुसऱ्या कशातही मिसळू नये' असं बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलंच होतं. माझ्या घरातल्या बाटलीवरही होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं. उरलंसुरलं एकत्र करायची सवय लोणच्याला ठीक. असली बाटली आहे तशीच, वेगळी, आत काय आहे ते तोंडानं सांगून द्यावी.

मुलांना सोडलं. पेपर केव्हाच संपला होता. माफी मागायला हवी होती, पण "जा आता" एवढंच म्हणालो. शिकलेल्या घरात चूक होत नाही, असं सेक्रेटरी मानत होते. मीही तेच मानून तपास केला, याची लाज अजून जात नाही.

निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. नंतर काकू स्वतःहून माझ्यासोबत रुग्णालयात आल्या. बाईंची एक पट्टी सुटली होती. त्या डोळ्याला अंधूक दिसत होतं. दुसरा गेला होता. काकूंनी कसंबसं सगळं सांगितलं. बाईंनी चाचपडत काकूंचा हात धरला.

"मिसळताना तुम्हाला तर काही झालं नाही ना, काकू?"