पाठमोरा काढलेला माणूस

भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून जातो. या सदरातले अनुभव वाचून मला बहुतेक वेळा हसूच येतं. तेव्हा माझं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. लोकांची नावं रंगवून वैतागलो आणि डोक्यात खूळ शिरलं – चित्रांची गोष्ट स्वतः काढायची, स्वतः छापायची, स्वतःच विकायची! ओळखीतल्या एकानंही धड बोलू दिलं नाही. "पाट्या रंगव की गप," सगळ्यांचं एकच तुणतुणं. मग तर मी हट्टालाच पेटलो.

गोष्ट साधी. एका दरोडेखोराला त्याचाच माणूस विहिरीत ढकलतो. सगळं मनानं रचलेलं. दरोडेखोराचा चेहरा एका दमात जमला, दुसऱ्याचा काही केल्या जमेना... म्हणून त्याला प्रत्येक चित्रात पाठमोराच काढला. शिळाप्रेसमध्ये दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. मी नवशिका. अक्षरं उलटी लिहिली, पण दरोडेखोराच्या गालावरचा व्रण उलटवायला विसरलो. उजव्या गालावर हवा होता, छापून आला डाव्या. दगड पुन्हा घासून द्या म्हटलं तर प्रेसवाला अंगावर आला. तसंच छापलं.

कागलच्या बाजारात पथारी मांडली. एका तरुणानं पुस्तक उघडलं, चाळलं आणि सगळ्या गठ्ठ्यालाच लाथ घातली.

"आमच्या दादाला दरोडेखोर करतोस व्हय रं?"

"कोण तुमचा दादा? मी इथं पहिल्यांदाच आलोय."

"पाय घसरून हिरीत पडला त्यो. ढकलला म्हणून कुणी सांगितलं तुला? बोल की."

मीही तापट. त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं, पण बाजू त्याचीच घेतली. पुस्तकं पायदळी गेली. परत दिसलास तर हात मोडू, असंही कुणीतरी बजावलं.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी माझ्या खोलीत एक बाई आली. कपाळ मोकळं, उन्हातून चालून पदर खांद्यावर घसरलेला. हातात माझं पुस्तक, मागं पत्ता छापलेला होताच.

"बाजारात भांडला त्यो माझा दीर," ती म्हणाली. मग दरोडेखोरावर बोट ठेवलं. "आन् ह्यो माझा मालक."

माझा राग अजून गेला नव्हता. म्हटलं, "बाई, सारख्या तोंडाची छप्पन्न माणसं असतात. आणि तो व्रण मी उजव्या गालावर काढणार होतो. छापताना चुकलाय."

"चुकला न्हाय. डाव्याच गालाला हुता. बैलाचं शिंग लागलं हुतं."

तिनं पाठमोऱ्या माणसावर बोट नेलं.

"ह्याचं तोंड काढा."

"जमत नाही हो. म्हणून तर पाठमोरा काढलाय."

"काढा की."

जणू मी विहिरीच्या काठावर उभा राहून बघितलं होतं आणि आता लपवत होतो! तिला एकदाची कटवावी म्हणून कागद ओढला. इतके दिवस न जमलेलं तोंड हात न उचलता उतरलं. म्हातारा माणूस, जाड भुवया, एका कानाची पाळी फाटलेली. असा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, शपथेवर सांगतो.

कागद तिच्याकडे फिरवला. ती झटकन उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

"मामंजी," एवढंच म्हणाली. म्हणजे तिचा सासरा.

हात माझा होता, पेन्सिल माझी होती. ते तोंड कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. पुन्हा चित्रांची गोष्ट काढायची माझी हिंमत झाली नाही. पण त्या दुपारी मला भीती वाटली ती तिची. मी चित्र घडी करून तिच्यापुढं धरलं, तिनं घेतलं नाही.

"घरात ठिवता यायचं न्हाय," ती म्हणाली. "आन् जायला पायजे. मामंजी दिवस मावळायच्या आत जेवत्यात."