कोपरच्या हातोडीबाई

कोपर गावच्या हातोडीबाई पेशंटला 'कुठं दुखतं?' असं आधी विचारत नसत. 'कोण काय म्हणालं?' असं विचारत. उत्तर ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल व्हायचा. त्या फिजिओथेरपिस्ट, खिशात कायम रबरी हातोडी, म्हणून हे नाव.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात शिडीवरून पडले. मणक्याला मार बसला आणि उजवा पाय लाकडासारखा ताठ झाला. रिक्षा खड्ड्यांत हादरायला लागली की तो आपोआप थडथड उडायचा. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "बसायचं काम हवं म्हणून नाटक करतोय." त्या माणसाचा मला आजही संताप येतो. बाबांनी मात्र मान खाली घातली. पुढे पुढे तर मलाच विचारायचे, "अगं, मी खरंच मुद्दाम करत असेन का?"

व्यायामासाठी मी बाबांना बाईंकडे नेलं, तेव्हा हे ऐकलं आणि बाईंनी हातातला टॉवेल भिरकावला. "भाऊ, उद्या त्या डॉक्टरकडे मी येते तुमच्याबरोबर."

डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी आधी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं काठाबाहेर. हातोडी डॉक्टरांच्याच हातात दिली. "ठोका टाचेमागच्या घोडशिरेवर." माझं पाऊल झटकन उडालं. मग बाईंनी त्याच शिरेला मसाजचं थरथरणारं मशीन लावलं. "आता ठोका." पाऊल जेमतेम हललं.

नंतर बाबा झोपले. मशीन घरघरत होतं, तरी ठोक्यासरशी त्यांचं पाऊल उसळलं. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा उसळलं.

"धडधाकट माणसात ही थरथर उसळी दाबून टाकते," बाई कडाडल्या. "यांच्या मणक्यातली ती दाबायची सोयच बिघडलीय. असं नाटक तुम्ही करून दाखवा! झोपा इथं!"

डॉक्टर झोपले नाहीत. त्यांनी निमूट शेरा बदलला. बाबांना स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं.

बाहेर आल्यावर बाबा हात जोडायला लागले, तर बाई त्यांच्यावरच डाफरल्या. "आभार कसले मानताय? सहा महिने तुम्हाला खोटं ठरवलं त्यांनी. चिडा की जरा!" बाबा गेटजवळच रडले.

मागच्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "हुशार होत्या, पण स्वभाव फार तापट."

बाबा काठी टेकत उठले. कुणाला कधी उलट न बोललेला माणूस.

"तापट नव्हत्या," ते म्हणाले. "आम्हाला चिडायची भीती वाटायची. आमच्या वाटणीचं त्या चिडायच्या."